पाकिटाची मागची बाजू : प्रकल्प नोंदी

२ जून

काम आजपासून सुरू. विषय एका ओळीत मावतो : खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा पोषणतक्ता विकत घेणाऱ्याला कितपत कळतो. माणसं चार. मी, आकडे सांभाळणारी सहकारी, नकली पाकिटं बनवणारा डिझाइनर आणि मुलाखती घेणारी मैत्रीण. मुदत सहा आठवड्यांची.

जुन्या एका कामातली प्रश्नावली आयती हातात आहे. पहिला प्रश्न : तुम्ही लेबल वाचता का? दुसरा : ते समजायला सोपं वाटतं का? पर्याय 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. वाचल्यावर मन खट्टू झालं. 'रोज दोनदा दात घासता का' असं विचारण्यासारखंच हे. कोणतं उत्तर शोभून दिसेल ते प्रश्नच सांगून टाकतो. तरी पहिल्या फेरीपुरते दोन्ही प्रश्न ठेवलेत. माणसं सांगतात काय आणि करतात काय, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

एक नियम मात्र आजच ठरवून टाकला. आमच्याकडे मोजकी माणसं येणार, त्यामुळे स्वतःच्या फेऱ्यांवरून टक्केवारी काढायची नाही. कोण कुठे आणि कशामुळे अडखळलं, एवढंच लिहायचं.

५ जून

दुसऱ्यांची परीक्षा घ्यायची तर आधी आपण बसावं, म्हणून २००५ साली अमेरिकेत तयार झालेली 'न्यूएस्ट व्हायटल साइन' ही चाचणी सोडवली. दवाखान्यात नाडी, रक्तदाब बघतात तसं रुग्णाला लिहिलेला मजकूर किती उमगतो हेही तीनेक मिनिटांत बघून घ्यावं, ही त्यामागची कल्पना. गंमत म्हणजे त्यासाठी त्यांना औषधाच्या चिठ्ठीपेक्षा आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल जास्त कामाचं वाटलं. प्रश्न सहाच. एका सर्व्हिंगला (लेबलावर एका वेळचं म्हणून धरलेलं माप) २५० कॅलरी आणि डब्यात चार सर्व्हिंग, तर अख्खा डबा संपवल्यावर किती? हा सोपा. पुढे एक असा : पेनिसिलिन, शेंगदाणे, लॅटेक्सचे हातमोजे आणि मधमाशीचा दंश यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला हे आइस्क्रीम चालेल का? उत्तर घटकांच्या यादीत दडलंय, शेंगदाण्याचं तेल.

मी तिसऱ्या प्रश्नाला आपटले. एक जण दिवसाला ४२ ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) खातो, त्यात रोजचं एक सर्व्हिंग आइस्क्रीम आलं. ते सोडलं तर किती ग्रॅम उरतील? मी घाईघाईत 'एकूण मेद' या ओळीतला आकडा वजा करून मोकळी झाले. हवी होती तिच्या खालची, जरा आत सरकवून छापलेली ओळ : संपृक्त मेद ९ ग्रॅम. उत्तर ३३. वजाबाकी चोख होती, ओळच भलती निघाली.

सहकारीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "हे लिहून ठेव. आपल्याला हेच शोधायचंय."

९ जून

दिवसभर वाचन. दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या.

व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली २०० रुग्णांना खरी लेबलं दाखवून प्रश्न विचारले होते. आपण लेबल वापरतो असं ८९ टक्के लोकांनी सांगितलं. प्रश्नांची उत्तरं सरासरी ६९ टक्के बरोबर आली. इथवर वाचून वाटतं, ठीकच चाललंय. पण २० औंसांच्या शीतपेयाच्या बाटलीत अडीच सर्व्हिंग आहेत, तर अख्ख्या बाटलीत कर्बोदकं किती, हे बरोबर सांगणारे फक्त ३२ टक्के. ही सगळी अडाणी माणसं होती असंही नव्हतं, दोन तृतीयांशांहून जास्त जण कॉलेजची पायरी चढलेले होते. वाचता बहुतेकांना नीट येत होतं. घोडं पेंड खात होतं गणितापाशी : ६३ टक्के लोकांचं अंकज्ञान नववीच्या खालचं भरलं.

दुसरा अभ्यास २०११चा, मिनेसोटा विद्यापीठातला. पडद्यावर लुटुपुटीची खरेदी करायला लावली आणि नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. कॅलरीचा आकडा जवळजवळ नेहमी बघतो असं सांगणारे ३३ टक्के. जवळजवळ प्रत्येक वस्तूचा तो आकडा खरोखर बघणारे ९ टक्के. शिवाय तक्त्यातल्या वरच्या ओळींना नजर मिळते, खालच्या उपाशी राहतात.

माणसं खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. कधीतरी एकदा पाकीट उलटून पाहिलेलं असतं, तेवढी एक आठवण 'नेहमी'च्या चौकटीत खूण करायला पुरते.

१२ जून

नकली पाकिटं तयार झाली. मुख्य वस्तू बिस्किटं, कारण ती तशी सगळीकडे सारखीच असतात आणि हातात धरायला सोपी. पाकीट 'क' : वजन ७५ ग्रॅम, सर्व्हिंग २५ ग्रॅम. १०० ग्रॅममागे प्रथिनं ६.५ ग्रॅम, कर्बोदकं ७० (त्यांपैकी साखर २४, त्यापैकी वरून घातलेली २२), मेद १८ (त्यांपैकी संपृक्त ८), सोडियम ४०० मिलिग्रॅम. पाकीट 'ख'मध्ये १०० ग्रॅममागे साखर २०, पण सर्व्हिंग ३५ ग्रॅमचं.

हा मुद्दाम लावलेला सापळा आहे. सर्व्हिंगच्या रकान्यात 'क'ला साखर ६ ग्रॅम दिसते आणि 'ख'ला ७. १०० ग्रॅमच्या रकान्यात 'क' २४, 'ख' २०. कुठल्या रकान्यात बघता त्यावर कमी साखरेचं बिस्किट कोणतं ते ठरतं.

अक्षरांच्या आकारावरून डिझाइनरशी जुंपली. युरोपीय संघाच्या नियमात छोट्या लिपीतल्या एक्स या अक्षराची उंची निदान १.२ मिलिमीटर हवी, अगदी लहान पाकिटावर ०.९ चालते. तो म्हणाला, सुंदर दिसायचं तर ०.९च घेऊ. मी पट्टीवर १.२ मिलिमीटर दाखवलं. नखाच्या कडेएवढं. देवनागरीला तर काने-मात्रे सांभाळायला याहून जास्त जागा लागते. मोठंच छापलं.

दोन्ही रकाने ठेवलेत : १०० ग्रॅममागे आणि सर्व्हिंगमागे. युरोपात पहिला सक्तीचा आणि दुसरा ऐच्छिक, अमेरिकेत सगळा कारभार सर्व्हिंगवर. एका बैठकीत संपू शकेल अशा दोन-तीन सर्व्हिंगच्या पाकिटांवर मात्र तिथेही २०१६च्या नव्या नियमांनी 'एका सर्व्हिंगला' आणि 'अख्ख्या पाकिटाला' असे दोन रकाने सक्तीचे केले.

१६ जून

पहिली फेरी. 'लेबल वाचता का'ला अपेक्षेप्रमाणे सगळ्यांनी मान डोलावली. मग पाकीट हातात दिलं.

सहभागी ४, साठीच्या बाई. पाकीट आधी समोरून पाहिलं, मग उलटं केलं, मग हात पूर्ण लांब करून धरलं. चष्मा पिशवीत होता. तो काढायचा की नाही, यावर क्षणभर विचार. काढला. तर्जनी तक्त्यावर ठेवली आणि 'साखर' या ओळीवरून आडवी उजवीकडे नेली. पहिला आकडा २४ लागला, बोट थांबलं. शेजारचा ६ नखाखाली झाकला गेला होता. "चोवीस," त्या म्हणाल्या. कशातले चोवीस? "या पाकिटातले." पाकीट ७५ ग्रॅमचं, आकडा १०० ग्रॅमचा. नसलेल्या २५ ग्रॅमची साखरही त्यांनी खाल्ली. खरं उत्तर १८, आणि १८ हा आकडा तक्त्यात कुठेच छापलेला नाही, तो काढावा लागतो. बोट फिरवून सापडेल अशी जागाच त्याला नव्हती.

सहभागी ६, तरुण, चटपटीत. 'क' आणि 'ख' शेजारी धरून तीन सेकंदांत निकाल : 'क'मध्ये साखर कमी. सर्व्हिंगच्या रकान्यातले ६ आणि ७ बघितले होते. सर्व्हिंग वेगवेगळी आहेत हे दाखवल्यावर थोडा चिडला. "मग ती सारखी का नाही ठेवली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सापळा मीच लावलेला, पण लावायला जागा नियमांनी दिलेली.

'सर्व्हिंग' या शब्दावर बऱ्याच जणांचा ग्रह एकच : तज्ज्ञांनी सांगितलेलं योग्य प्रमाण, म्हणजे एवढं खावं. अमेरिकी नियमात तर ते माणसं साधारणपणे खातात तेवढं असतं. २०१६ साली तिथे आइस्क्रीमचं सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर नेलं, ते लोक आता तेवढं खातात म्हणून. लेबल वाचणारा त्याचा अर्थ 'आता दोन तृतीयांश कप खायला परवानगी' असा लावू शकतो. एक शब्द, आणि छापणारा-वाचणारा दोन टोकांना.

१७ जून

फजिती. सहभागी ९, निवृत्त हिशेबनीस काका. प्रश्न ऐकून घेण्याआधीच त्यांनी विचारलं, "पंचवीस ग्रॅमला एकशे सतरा कॅलरी, मग शंभराला चारशे अडुसष्ट व्हायला हव्यात. इथे चारशे अठरा कसे?"

४६८च्या जागी ४१८ छापलं होतं. चूक माझ्या टंकलेखनातली, आणि पाकिटं दोन दिवस सगळ्यांच्या हातांतून फिरत होती. काकांखेरीज कोणाच्या लक्षात आलं नाही, आम्हा चौघांच्याही नाही. ताळा करायला दोन मिनिटं पुरली असती. एक ग्रॅम प्रथिनांना ४ कॅलरी, कर्बोदकांना ४, मेदाला ९; विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या कामातून आलेले हे गुणक आजही लेबलांवर चालतात. २६ अधिक २८० अधिक १६२, झाले ४६८.

पहिल्या फेरीतली कॅलरीची उत्तरं बाद. साखरेची ठेवली. दुरुस्त पाकीट तयार झालं की दाखवायचं, असं काकांनी कबूल करून घेतलंय.

१९ जून

आजची नोंद एका शब्दावर : 'पैकी'.

तक्त्यात कर्बोदकं ७०, त्यांपैकी साखर २४, त्यापैकी वरून घातलेली २२. एका पेटीत दुसरी, दुसरीत तिसरी. पण छापील तक्त्यात त्या पेट्या एकाखाली एक रचलेल्या दिसतात, आणि एकाखाली एक असलेले आकडे दिसले की हात आपसूक बेरजेला जातो. सहभागी ११ने साखर किती म्हटल्यावर २४ आणि २२ मिळवून ४६ सांगितले. सहभागी १२नेही तेच. त्याने तर कागदावर रीतसर आडवी रेघ मारून बेरीज मांडली. चूक इतकी नीटनेटकी होती की मला आधी आमचाच तक्ता तपासावासा वाटला.

डिझाइनर म्हणतो, ओळ आत सरकवली आहे, कळायला हवं. ज्यांना जमाखर्चाची, पोटखात्यांची सवय आहे त्यांना कळतं. बाकीच्यांना सरकलेली ओळ म्हणजे छपाईतला वाकडेपणा. ५ जूनला मीही नेमकी अशाच ओळीपाशी पडले होते, हे त्याला सांगितलं. गप्प झाला.

उद्याच्या आवृत्तीत 'साखर २४ ग्रॅम (यातच वरून घातलेली २२ ग्रॅम धरली आहे)' असं लिहून बघायचं. लांबट आहे. तक्त्यात शोभत नाही. बघू.

२० जून

लांबट वाक्य चाललं. आज एकानेही बेरीज केली नाही.

२३ जून

टक्के. पाकिटावर रोजच्या गरजेच्या प्रमाणात टक्के छापले होते : २५ ग्रॅममागे सोडियम १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ टक्के. (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा धरली, प्रौढाला दिवसाला सोडियम २ ग्रॅमहून कमी.) एका बाईंनी भुवया उंचावल्या : "बिस्किटात पाच टक्के मीठ? खारट नाही लागणार?" त्यांनी टक्के पाकिटाचे धरले, आम्ही दिवसाचे. टक्के म्हटले की कशाचे, हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर तक्त्याच्या तळाशी सगळ्यात बारीक अक्षरांत असतं.

सोडियम आणि मीठ ही आणखी एक जोडी. कित्येकांच्या लेखी सोडियम हे कारखान्यात घालतात ते काहीतरी, मिठाशी त्याचा संबंध नाही. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं. १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. युरोपात लेबलावर सरळ 'मीठ' लिहितात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

किलोज्यूलचा, म्हणजे ऊर्जेच्या दुसऱ्या एककाचा, रकाना आज काढून टाकला. ४६८ किलोकॅलरी (लेबलावरची 'कॅलरी' ती हीच) म्हणजे १९५८ किलोज्यूल. एका सहभागीने तो चार आकडी ऐवज बघून पाकीट टेबलावर ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही.

२६ जून

सहकारीचं म्हणणं, आपण समजही मोजतोय आणि पाढेही, दोन्ही एकाच गुणात. म्हणून या फेरीत प्रत्येकाला कॅल्क्युलेटर दिला.

फरक पडला. अडीचने गुणताना कोणी घाबरलं नाही. पण सहभागी १७ने अख्ख्या पाकिटाच्या कॅलरी काढताना १०० ग्रॅमच्या रकान्यातले ४६८ घेतले आणि त्यांना सर्व्हिंगच्या संख्येने, म्हणजे तीनने गुणलं. १४०४. हवे होते ३५१. कॅल्क्युलेटरने आपलं काम इमानदारीने केलं, चुकीच्या रकान्यावर.

म्हणजे अडचणी दोन आहेत आणि एकीच्या मागे दुसरी लपते. गणित काढून घेतलं की रकान्याची अडचण उघडी पडते. माझा कल आता असा होतोय की वाचणाऱ्याला गुणाकार करायला लावणारं लेबल हे अर्धवट सोडलेलं काम आहे. ज्याने पदार्थ तोलून भरला त्याला गुणाकार येत होता की.

३० जून

उद्यापासून समोरच्या बाजूची चिन्हं. तयारी म्हणून वेगवेगळ्या देशांत काय केलंय ते भिंतीवर लावलं. स्वीडनचं हिरवं कीहोल, म्हणजे कुलपाच्या भोकाच्या आकाराचं चिन्ह, सगळ्यांत जुनं, १९८९चं. चांगल्या पदार्थाला शाबासकी देतं, वाईटाबद्दल चकार शब्द काढत नाही. ब्रिटनमध्ये २०१३पासून लाल-पिवळ्या-हिरव्याची ऐच्छिक पद्धत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात २०१४पासून तारे, अर्ध्यापासून पाचपर्यंत. फ्रान्सने २०१७ साली न्यूट्री-स्कोअर घेतला, ए ते ई अशी पाच अक्षरं, गडद हिरव्यापासून तांबड्यापर्यंत. आणि चिली. तिथे २०१६च्या जूनपासून काळे अष्टकोन : 'साखर जास्त', 'सोडियम जास्त'. मर्यादा टप्प्याटप्प्याने आवळत २०१९ साली घन पदार्थांसाठी १०० ग्रॅममागे २७५ कॅलरी, ४०० मिलिग्रॅम सोडियम, १० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम संपृक्त मेद इथवर आणल्या.

आमचं 'क' चिलीच्या मापाने तोललं : कॅलरी, साखर, संपृक्त मेद असे तीन अष्टकोन. सोडियम बरोब्बर ४००, नेमकं उंबरठ्यावर, म्हणून सुटलं. मुद्दाम ठेवलं नव्हतं. पण खऱ्या कारखान्यात असे आकडे मुद्दाम ठेवले जात असतील, असा संशय डिझाइनरने बोलून दाखवला, आणि तसं असेल तर ते वाईटच असं मला वाटत नाही; मर्यादेखाली बसण्यासाठी का होईना, मीठ कमी होतं.

ब्रिटिश मापाने 'क' : मेद लाल (१७.५च्या वर), संपृक्त मेद लाल (५च्या वर), साखर लाल (२२.५च्या वर), मीठ पिवळं. 'ख'ची साखर २०, म्हणजे पिवळी.

३ जुलै

रंगांची फेरी. सर्व्हिंगच्या सापळ्याचा मागमूस राहिला नाही. साखर कशात कमी, यावर सगळी बोटं 'ख'कडे, आणि तीही पाकीट न उलटता. सहभागी ४च्या बाईंना पुन्हा बोलावलं होतं. या खेपेला चष्मा पिशवीतच राहिला.

मी खुशीत होते. मग मैत्रिणीने ठरल्याप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला : 'ख' रोज किती खाल्लेलं चालेल? एकीचं उत्तर, "लाल नाहीये ना, मग काय." लाल नसणं म्हणजे मोकळीक. काळ्या अष्टकोनांच्या पाकिटावरही तोच प्रकार उलट्या बाजूने झाला. अष्टकोन असलेलं पाकीट लोकांनी लगेच बाजूला सारलं, पण ज्यावर एकही नाही ते 'पौष्टिक' ठरलं. अष्टकोन नाही म्हणजे मर्यादा ओलांडलेली नाही, इतकंच. त्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत, असं ते पाकीट कुठेही म्हणत नाही.

सहभागी २१ बराच वेळ दोन्ही पाकिटं बघत राहिले. मग म्हणाले, "यातलं लाल कोणतं ते सांगाल का?" त्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. असे लोक थोडेथोडके नसतात. डिझाइनरने 'स्वच्छ दिसावं' म्हणून रंगावरचे 'जास्त', 'मध्यम', 'कमी' हे शब्द काढून टाकले होते. परत घातले. त्याला मी काही बोलले नाही. तोंडच इतकं पडलं होतं.

४ जुलै

गुण कसे द्यायचे यावरून चौघांत वाद, दीड तास. रंग बघून बरोबर पाकीट उचललं पण का ते सांगता आलं नाही, तर ती समज धरायची का? सहकारी म्हणते, नाही, ते चिन्ह ओळखणं झालं. मैत्रीण म्हणते, रस्त्यावर लाल दिव्याला थांबणाऱ्याला आपण वीजजोडणी विचारत नाही. मला मैत्रिणीचं पटतं, पण सगळं नाही. न्यूट्री-स्कोअरवरची जुनी तक्रारही याच जातीची : ऑलिव्ह तेलाला साखररहित शीतपेयापेक्षा खालचं अक्षर कसं? तेल एक चमचा घालतात आणि पेय बाटलीभर पितात. एकाच प्रकारच्या दोन वस्तूंत निवड करताना अक्षर सगळ्यांत कामाचं, वेगवेगळ्या मांडण्यांवरच्या वस्तू त्याने तोलायला गेलं की घोळ. पुढे त्यांनी गणनपद्धतच बदलली आणि तेलाचं अक्षर वर चढलं.

तोडगा : तीन वेगळे रकाने. सापडलं का, जुळवता आलं का, पुढचा निर्णय बरोबर घेतला का. बेरीज करायची नाही.

८ जुलै

छोटी फेरी, समोरच्या दाव्यांची. 'क'वरच ठळक अक्षरांत 'ट्रान्स फॅट शून्य' (ट्रान्स फॅट म्हणजे घातक मानला जाणारा एक मेद) छापलं, बाकी तक्ता तोच. त्या एका ओळीने साखर कमी असल्याचाही भास झाला. पाकीट उलटणारे हात निम्म्याहून कमी झाले. शून्यही तपासून घ्यावं लागतं : अमेरिकेत एका सर्व्हिंगमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी ट्रान्स फॅट असेल तर शून्य लिहिता येतं. सर्व्हिंग लहान केलं की शून्य गाठणं सोपं. पुन्हा तोच शब्द.

१४ जुलै

अहवालाचा मसुदा. शीर्षक 'ग्राहकांना पोषण लेबल किती समजतं' असं होतं, ते खोडलं. सहा आठवड्यांत त्याच बाईंनी एका पाकिटावर चूक केली आणि दुसऱ्यावर चष्म्याशिवाय बरोबर उत्तर दिलं; मधल्या काळात त्यांनी पोषणशास्त्र शिकून घेतलं नव्हतं. नवं शीर्षक : 'बिस्किटाच्या पाकिटावरचे चार तक्ते, कोणता कुठे अडवतो'. प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न काढले. त्यांच्या जागी : "पाकिटातली सगळी साखर किती? बोट ठेवून दाखवा."

बोट ठेवायला जागा असावी म्हणून तिसरा रकाना वाढवला, 'अख्ख्या पाकिटाला'. साखर १८, कॅलरी ३५१.

१५ जुलै

हिशेबनीस काका आले. दुरुस्त पाकीट दाखवलं. आधी ११७ गुणिले ४ करून पाहिलं, मग ११७ गुणिले ३. दोन्ही जुळल्यावर मान हलवली. मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर पाकीट कानाशी नेऊन हलवलं.

"आत बिस्किटं किती?"

नऊ. पाकिटावर कुठेच लिहिलं नव्हतं.

"मग मी दोन खाल्ली तर? मी काय ग्रॅम मोजून खातो?"

सर्व्हिंग २५ ग्रॅम, म्हणजे तीन बिस्किटं, हे आम्हा चौघांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इतकं की छापायचं राहून गेलं. डिझाइनरने तिथेच फाइल उघडून तक्त्याच्या डोक्यावर, जिथे नजर आधी जाते तिथे, एक ओळ घातली : 'पाकिटात ९ बिस्किटं. एका बिस्किटाला ३९ कॅलरी, साखर २ ग्रॅम.' काकांनी ३९ला ९ने गुणून पाहिलं. ३५१. छपाई उद्या सकाळी.